वैद्यकीय उपकरणांचं डिझाइन शिकायचंय? प्रवेशापासून प्रोटोटाइपपर्यंतची वाट

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात एक प्रोजेक्ट हमखास दिसतो: सलाईन संपत आलं की वाजणारा अलार्म. वजन मोजणारा एक लोड सेल, एक मायक्रोकंट्रोलर, एक बझर आणि फारच हौस असेल तर सिस्टरच्या मोबाइलवर मेसेज. परीक्षक खूश होतात, मार्क चांगले पडतात. मग एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात जाऊन बघा. सलाईनच्या स्टँडवर असलं काहीही लटकलेलं नसतं. सर्किट चालत नाही म्हणून नव्हे. सर्किट झकास चालतं. बनवणाऱ्याने वॉर्ड पाहिलेला नसतो, एवढंच.

वॉर्ड आधी, सर्किट नंतर, हा क्रम शिकवणारं पदव्युत्तर शिक्षण आता आपल्याकडेही मिळतं. त्याची नावं अनेक आहेत: बायोडिझाइन, मेडिकल डिव्हाइस इनोव्हेशन, क्लिनिकल इंजिनिअरिंग. इंजिनिअर, डिझायनर, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट यांपैकी कुणीही या वाटेला लागायचं म्हणत असेल, तर त्याच्यासाठी हा लेख.

आधी हे शिक्षण कशाचं आहे ते समजून घ्या

बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा नेहमीचा एम.टेक. बहुतेक ठिकाणी तंत्राकडून सुरू होतो. सिग्नल प्रोसेसिंग, इमेजिंग, बायोमटेरिअल शिकायचं आणि मग त्यातलं कुठे काय वापरता येईल ते बघायचं. बायोडिझाइनची पद्धत उलटी आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात २००१ साली पॉल यॉक आणि जॉश मॅकोवर यांनी हा कार्यक्रम सुरू केला. त्यात डॉक्टर, इंजिनिअर आणि व्यवसायाची जाण असलेले लोक यांची लहान टीम करून तिला थेट रुग्णालयात सोडतात. सुरुवातीला काहीही बनवायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. शेकडो अडचणी टिपायच्या, त्यातून गाळत गाळत एक-दोन उरवायच्या आणि मगच उपाय शोधायला बसायचं. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने एम्स आणि आयआयटी दिल्ली यांनी २००७-०८च्या सुमारास हीच पद्धत भारतात आणली. तिथल्या फेलोंच्या कामातून पुढे आलेलं ‘सोहम’ हे नवजात बाळाची श्रवणचाचणी करणारं उपकरण २०१७ साली बाजारात आलं. ते बाळाच्या डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मेंदूचा प्रतिसाद मोजतं. बाळाला ‘ऐकू येतंय का’ असं विचारता येत नाही, ही अडचण त्याच्या मुळाशी आहे.

पद्धत नवी असली तरी विचार आपल्याकडे जुनाच आहे. १९६८च्या आसपास जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कृत्रिम पाय घडवला. तेव्हा मिळणारे परदेशी धाटणीचे पाय बुटात घालायला केलेले होते. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, शेतात अनवाणी चालतो. जयपूर फूट वाकतो आणि त्याला बूट लागत नाही, कारण तो बनवणाऱ्यांनी पेशंटचा दिवस पाहिला होता.

तुमचा दरवाजा कोणता

इंजिनिअर असाल तर गेट ही प्रवेशपरीक्षा. २०२०पासून गेटमध्ये बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. मात्र मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी केवळ त्यासाठी आपला पेपर सोडायची गरज नाही, कारण बरेच एम.टेक. अनेक शाखांचे स्कोअर घेतात. प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात पात्र पेपरांची यादी असते, ती वाचूनच फॉर्म भरा. डिझाइनकडून यायचं असेल तर सीड ही परीक्षा आहे. ती आयआयटी मुंबई घेते आणि तिथल्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी करताना आरोग्याशी संबंधित प्रोजेक्ट घेता येतो. फार्मसीवाल्यांना नायपर या औषधनिर्माणशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेच्या अहमदाबाद केंद्रात मेडिकल डिव्हाइसेस हा विषय आहे.

एमबीबीएस झालेल्यांनी आयआयटी खरगपूरचा तीन वर्षांचा मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम जरूर पाहावा. पीजीच्या नीटच्या रांगेत उभे असलेले किती डॉक्टर हा पर्याय ऐकूनही नसतात! आयआयटी मद्रास, तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था आणि वेल्लोरचं सीएमसी हे वैद्यकीय महाविद्यालय मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एम.टेक. चालवतात. इंजिनिअरला मोठं रुग्णालय आतून बघायचं असेल तर याच्या तोडीचं फार थोडं आहे. आयआयटी हैदराबादमध्ये आरोग्य क्षेत्रातल्या उद्योजकतेची फेलोशिप आहे. परदेशात जॉन्स हॉपकिन्सचा एक वर्षाचा मास्टर्स याच धर्तीवर चालतो, पण फीचा आकडा बघून मगच स्वप्न बघा.

महाराष्ट्रात राहून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र माहीत हवं. २०१४ साली प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने, राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या निधीतून ते उभं राहिलं. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी ही इंजिनिअरिंग कॉलेजं त्याच्या जाळ्यात आली. ‘बेटिक’ स्वतः पदवी देत नाही, पण तिथली वैद्यकीय उपकरणांची शिबिरं आणि हॅकेथॉन ही या क्षेत्रात चंचुप्रवेश करण्याची सगळ्यात स्वस्त वाट आहे. ‘आयूसिंक’ हा डिजिटल स्टेथोस्कोप याच वर्तुळातून निघाला.

संस्था निवडताना एकच प्रश्न विचारा

रँकिंग, प्लेसमेंट, लॅबमधला महागडा थ्रीडी प्रिंटर, सगळं ठीक आहे. पण आधीच्या बॅचच्या मुलांना गाठून विचारा: ‘तुम्ही रुग्णालयात किती आठवडे होतात आणि आत जाण्याचं पत्र कुणी दिलं?’

उत्तर ‘एकदा व्हिजिट झाली होती’ असं आलं, तर तो अभ्यासक्रम उत्तम एम.टेक. असू शकेल, पण तुम्हाला हवं ते शिक्षण तिथे नाही. उत्तर ‘पत्र आपलं आपण मिळवायचं’ असं आलं, तर वर्षातले काही महिने अधिष्ठात्यांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर जाणार, हे गृहीत धरा. संस्थेचा रुग्णालयाशी लेखी करार असणं आणि एखाद्या डॉक्टरचं नाव सहमार्गदर्शक म्हणून कागदावर असणं, या दोन गोष्टी प्रिंटरपेक्षा मोलाच्या. प्रिंटर तासाच्या भाड्याने मिळतो. आयसीयू मिळत नाही.

वॉर्डात कसं वागायचं

हा भाग कोणत्याही सिलॅबसमध्ये नीट लिहिलेला नसतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या दिवशी प्राध्यापक डॉक्टरांची ओळख करून घ्याल ती घ्याच, पण त्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरना भेटा. वॉर्ड त्या चालवतात. आपण कोण, किती दिवस येणार, काय करणार नाही, हे त्यांना स्वतः सांगा. वॉर्डबॉयला मामा आणि आयांना मावशी म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. कोणतं मशीन कधीपासून कोपऱ्यात कापडाखाली पडून आहे आणि का, हे रेसिडेंट डॉक्टरला माहीत नसतं. तो सहा महिन्यांपूर्वी आलेला असतो. मावशींना पक्कं माहीत असतं.

साधे कपडे, बंद बूट, मोबाइल खिशात. फोटो काढायचा असेल तर लेखी परवानगी घेऊनच, आणि पेशंटचा चेहरा, केस पेपर, बेड नंबर त्यात येता कामा नये. वहीत पेशंटचं नाव कधीही लिहू नका. ‘साठीच्या बाई, मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर, दुसरा दिवस’ एवढं पुरतं. राउंड चालू असताना प्रश्न विचारू नका. दुपारी वॉर्ड थोडा निवांत झाला की चहाच्या वेळी विचारा.

तिन्ही पाळ्या बघा. सकाळी वॉर्डात डॉक्टर, विद्यार्थी, सिस्टर, नातेवाईक अशी गर्दी असते आणि सगळं सुरळीत वाटतं. खऱ्या अडचणी रात्री दोनला दिसतात, किंवा ड्यूटी बदलताना, जेव्हा एक सिस्टर दुसरीला तीस पेशंटांची माहिती भराभर सांगत असते. वॉर्डासोबत सीएसएसडी, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग, आणि भांडार विभागही बघून घ्या. उपकरण कोण धुतं, कशात बुडवतं, कुठे ठेवतं, हे तिथेच कळतं.

बघायचं काय? माझा साधा नियम आहे: जिथे चिकटपट्टी, बँडेज किंवा रिकामी बाटली तिच्या मूळ कामाव्यतिरिक्त वापरलेली दिसेल, तिथे थांबा. बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ नये म्हणून ग्लोव्हमध्ये पाणी भरून, गाठ मारून टाचेखाली ठेवलेला असतो. युरिन बॅग बँडेजच्या पट्टीने खाटेला बांधलेली असते. सलाईनच्या बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून त्यावर पेनाने तासांच्या खुणा केलेल्या असतात. यातल्या प्रत्येक जुगाडामागे कुणीतरी केलेला विचार आहे आणि बाजारात न मिळालेली किंवा न परवडलेली एक वस्तू आहे. वहीत आधी काय दिसलं ते लिहा. त्याचं तुमच्या मते कारण काय, ते वेगळ्या रकान्यात. दोन्ही एकत्र लिहिलं की महिन्याभराने काय पाहिलं होतं आणि काय वाटलं होतं, याचा पत्ता लागत नाही.

गरजेचं वाक्य लिहा, आणि पुन्हा लिहा

बायोडिझाइनचा गाभा म्हणजे एक वाक्य. त्याचा साचा असा: ‘अमक्या रुग्णांमध्ये अमका त्रास कमी करण्याचा असा मार्ग, ज्याने अमका मोजता येणारा फरक पडेल.’ या वाक्यात उपाय येता कामा नये. ‘अलार्म’, ‘ॲप’, ‘सेन्सर’ यांपैकी काही आलं की वाक्य खोडा.

सलाईनचंच उदाहरण घेऊ. पहिलं वाक्य साधारण असं येतं: ‘सलाईन संपल्याचं सिस्टरला कळवणारा अलार्म.’ त्यात उपाय आहे, म्हणून ते बाद. दुसरं: ‘जनरल वॉर्डातल्या रुग्णांची सलाईन संपल्याचं वेळेवर लक्षात येण्याचा मार्ग.’ बरं आहे, पण आता वॉर्डात जाऊन विचारा, लक्षात आलं नाही तर होतं काय? नातेवाईक म्हणतात, हवा जाईल आणि माणूस दगावेल. या भीतीपायी ते रात्रभर बाटलीकडे बघत बसतात. सिस्टर वेगळंच सांगतात. नेहमीच्या टांगलेल्या बाटलीत बहुतेक वेळा होतं असं, की थेंब थांबतात, नळीत उलटं रक्त येतं, ते गोठतं आणि कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, चोक होतो. मग तो काढायचा आणि नव्या जागी टोचायचं. धडधाकट तरुणाला त्याचं काही वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाची किंवा जुलाबाने सुकलेल्या बाळाची शीर रात्री तीनला शोधणं म्हणजे काय, ते एकदा बाजूला उभं राहून बघा.

मग तिसरं वाक्य लिहिता येतं: ‘ज्यांची शीर सापडणं अवघड आहे अशा रुग्णांमध्ये कॅन्युला चोक होणं कमी करण्याचा मार्ग, ज्याने पुन्हा टोचण्याची वेळ कमी येईल.’ बघा, बाटली वाक्यातून गेलीच! आता उपाय कॅन्युलात असू शकेल, नळीच्या झडपेत असू शकेल किंवा सलाईन बंद करून कॅन्युला फ्लश करण्याच्या, म्हणजे द्रव सोडून धुण्याच्या, पद्धतीतही असू शकेल. आणि अलार्म का चालला नसता तेही उमगतं. तीस खाटांच्या वॉर्डात रात्री एक-दोन सिस्टर. त्यांना बाटली संपणार हे ठाऊकच असतं. ५०० मिलीची बाटली आठ तासांत द्यायची, २० थेंबांना एक मिली असा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब, हा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो आणि चिकटपट्टीवरच्या खुणा त्याच्याच असतात. प्रश्न पोचायला हात कमी असण्याचा आहे. तिथे आणखी एक वाजणारी वस्तू कुणाला हवी आहे?

वाक्य बदललं की वस्तू कशी बदलते, याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण म्हणजे ‘एम्ब्रेस’. २००७ साली स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना नेपाळसाठी स्वस्त इन्क्युबेटर करायचा होता. तिथे गेल्यावर दिसलं, की शहरातल्या रुग्णालयात इन्क्युबेटर आहेत, पण कमी वजनाची बाळं जन्मतात दूरच्या खेड्यांत आणि तिथून पोचतच नाहीत. तयार झाली ती झोपायच्या पिशवीसारखी वस्तू. त्यातला मेणासारखा पदार्थ एकदा गरम केला की काही तास शरीराएवढं तापमान धरून ठेवतो आणि बाळाला ऊब द्यायला सतत वीज लागत नाही.

गाळणी

शंभर गरजा लिहिल्यात तर नव्वद सोडून द्यायच्या आहेत. किती लोकांना हा त्रास आहे, आज काय वापरतात, त्याची किंमत काय, पैसे कोण देणार, हे प्रत्येक वाक्याला विचारा. आपल्याकडे वापरणारी सिस्टर, लिहून देणारे डॉक्टर, विकत घेणारं खरेदी खातं आणि बिल भरणारा नातेवाईक हे चौघे वेगळे असतात. चौघांपैकी एकाचंही काम वाढत असेल तर तिथेच थांबून विचार करा. टीमने एकत्र बसून गुण द्यावेत, आणि आपल्या लाडक्या कल्पनेला दुसऱ्याने गुण द्यावेत.

प्रोटोटाइप: सुंदर नको, लवकर हवा

पहिला नमुना पुठ्ठा, फोम, चिकटपट्टीचा चालतो. तो सिस्टरच्या हातात द्या आणि गप्प बसा. ‘असं धरायचं’ असं सांगायची ऊर्मी आवरणं हे या शिक्षणातलं सगळ्यात अवघड कौशल्य असावं.

पुढच्या नमुन्यांत रुग्णालयाचं वातावरण आणा. वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश तापमान असतं. थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं, तेव्हा तो देखणा नमुना आत घातलात तर बाहेर वेगळंच शिल्प येईल. ॲक्रिलिक वारंवार स्पिरिटने पुसलं की त्याला बारीक तडे जातात. बीटाडिनने ओल्या ग्लोव्ह घातलेल्या बोटाला टचस्क्रीन दाद देईलच असं नाही. तीन पिनांचं सॉकेट खाटेपासून किती लांब आहे, ते मोजून ठेवा.

नमुने फुटणार, हे धरूनच चाला. श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या टीमने हृदयाची कृत्रिम झडप घडवली, तेव्हा आधीची मॉडेल्स चाचण्यांत बाद झाली. डिसेंबर १९९०मध्ये पहिल्या रुग्णाला बसली ती चौथ्या मॉडेलची झडप. तिची चकती महागड्या, कठीण पदार्थाची नव्हे तर एका जातीच्या पॉलिथिनची आहे.

कायदा पहिल्या सहामाहीतच वाचा

विद्यार्थी हा भाग शेवटावर टाकतात आणि मग सगळं डिझाइन उलगडायची पाळी येते. भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू आहेत, १ जानेवारी २०१८पासून. धोक्यानुसार चार वर्ग: ए, बी, सी, डी. जीभ दाबायची पट्टी ए मध्ये, इंजेक्शनची सुई बी मध्ये, व्हेंटिलेटर सी मध्ये, हृदयाची झडप डी मध्ये. ए आणि बी वर्गातल्या उपकरणांच्या उत्पादनाचं काम राज्याकडे, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे असतं. सी आणि डी सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियामक संस्थेकडे. तुमचं उपकरण कुठे बसतं ते गरजेचं वाक्य पक्कं झालं की लगेच बघा. बी आणि डी यांच्यामध्ये काही वर्षं आणि बराच पैसा असतो.

चाचणीपुरते नमुने बनवायलाही परवाना लागतो. अर्ज एमडी-१२ या फॉर्मवर करायचा, परवाना एमडी-१३ वर मिळतो. माणसांवर वापरून बघायचं तर नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी. ‘डॉक्टर ओळखीचे आहेत, एका पेशंटवर लावून बघू’ हे कधीही करू नका. मानकांपैकी आयएसओ १३४८५ गुणवत्ता व्यवस्थेसाठी, आयएसओ १४९७१ जोखमीसाठी, आयईसी ६०६०१ विजेवर चालणाऱ्या उपकरणांसाठी आणि आयएसओ १०९९३ शरीराला स्पर्श करणाऱ्या पदार्थांसाठी. पाठ करू नका, पण कोणतं आपल्याला लागू होतं ते माहीत असू द्या. प्रत्येक बदल तारीख टाकून वहीत लिहिण्याची सवय आत्ताच लावली, तर पुढे डिझाइनची फाइल बनवताना रडावं लागत नाही.

पेटंटचं एवढंच: टेक्फेस्टमध्ये पोस्टर लावण्याआधी किमान प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज दाखल करा. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. उपचाराच्या पद्धतीवर आपल्याकडे पेटंट मिळत नाही, उपकरणावर मिळतं. आणि हक्क तुमचा की संस्थेचा, हे प्रवेश घेतानाच संस्थेच्या धोरणात वाचून ठेवा.

पैसा आणि पुढचं

गेटवरून एम.टेक.ला प्रवेश घेतलात तर दरमहा १२,४०० रुपयांचं विद्यावेतन असतं. मुंबईत त्यात भागत नाही, हॉस्टेल मिळालं तर निभतं. कल्पना पुढे न्यायची असेल तर केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेत प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत आणि बायरॅक या सरकारी संस्थेच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. पुण्यात एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर हे स्टार्टअपना मदत करणारं केंद्र अशा अर्जांसाठी विचारपूस करायला चांगली जागा आहे. अर्जात तंत्राची पानं कमी आणि वॉर्डातल्या नोंदी जास्त असू द्या.

सगळ्यांनी स्टार्टअप काढायचीच असते असं वातावरण या कार्यक्रमांत असतं. ते फार मनावर घेऊ नका. नियामक कामकाज, गुणवत्ता, क्लिनिकल चाचण्या, कंपन्यांचा संशोधन विभाग, मोठ्या रुग्णालयांचा बायोमेडिकल विभाग, सगळीकडे वॉर्ड पाहिलेला इंजिनिअर लागतो आणि तो सहज मिळत नाही. विशेषतः नियामक कामकाज: विद्यार्थ्यांना ते कंटाळवाणं वाटतं, त्यामुळे स्पर्धा कमी.

गेट आणि सीड या दोन्ही परीक्षा वर्षाच्या सुरुवातीला होतात, फॉर्म मात्र त्याच्या काही महिने आधी भरावे लागतात. तोवर हातात असलेल्या वेळात जवळच्या ट्रस्टच्या किंवा सरकारी रुग्णालयाला एक पानाचं पत्र लिहा: मी कोण, कोणता वॉर्ड, किती दिवस, फक्त निरीक्षण, पेशंटची कोणतीही माहिती बाहेर नेणार नाही. कॉलेजच्या विभागप्रमुखांची सही घ्या, दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर तो शिक्का घेऊन पुन्हा जा.